कोरड्या हवेच्या तेहेतीस नोंदी

“तुम्ही कधी खोटे आकडे लिहिलेत का?”

हा प्रश्न माझा नव्हताच. तो चिमटी आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणींनी मिळून शिजवला होता, आणि मी तो सगळ्यांसमोर विचारून दाखवला तर आठवडाभर माझं दप्तर त्या दोघी आळीपाळीने वाहणार असं ठरलं होतं. विज्ञान प्रदर्शनाचा बक्षीस समारंभ उरकत आला होता. माझ्या मांडीवर पहिल्या क्रमांकाचं काचेचं, जड, टोकदार असं काहीतरी होतं. चिमटी त्याला मघापासून ‘किसणी’ म्हणत होती. व्यासपीठावरच्या पाहुण्या बाईंचा अख्खा जन्म प्लाझ्माच्या अभ्यासात गेला असं त्यांची ओळख करून देणाऱ्याने तीन वेळा सांगून झालं होतं. त्या आता “विचारा, काहीही विचारा” असं म्हणून पेल्यातलं पाणी पीत होत्या. “काहीही म्हणाल्यात हं,” लंबू म्हणाली. “ऊठ की भोंग्या. का संपली हवा?” भोंगा म्हणजे मी. गेल्या वर्षापर्यंत मी ‘कुजबूज’ होते. हजेरीला माझं ‘हजर’ शेजारच्या मुलीला मोठ्यानं सांगावं लागायचं, दुकानात मी वही मागितली तर दुकानदार कानाला हात लावून पुढे वाकायचा. भोंगा हे नाव मी कमावलेलं होतं आणि ते मला जिवापाड आवडत होतं. म्हणून मी ताडकन उठले, माईक माझ्यापर्यंत पोचायच्या आतच प्रश्न विचारून मोकळी झाले, आणि माईक पोचल्यावर पुन्हा एकदा विचारला. सभागृह खो खो हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला, बोटाने त्याच्या कडेवरचा थेंब पुसला आणि म्हणाल्या, “हो. एकदा. लिहिले नव्हते, गाळले होते. नकोसे होते ते मला. पण मी त्यालाही खोटंच म्हणते.” मग सातव्या रांगेत थेट माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “आणि तू?”

माईक अजून माझ्याच हातात होता. मी म्हणाले, “नाही.”

चारी कोपऱ्यांतल्या चार कर्ण्यांमधून माझं ‘नाही’ बाहेर पडलं आणि भिंतींवर आपटून माझ्याकडे परत आलं. इतकं खणखणीत की मलाच क्षणभर पटलं. पाठोपाठ टाळी वाजली. पहिली टाळी कोणाची ते मला वळून बघायची गरज नव्हती. तळहात खोलगट करून, सावकाश, पोकळ आवाजाची टाळी आमचे बाबाच वाजवतात. ते शेवटच्या रांगेमागे, त्यांच्या प्रयोगशाळेच्या माणसांबरोबर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्यामागून अख्खं सभागृह कडाडलं. आणि त्या कडकडाटात मला राग आला. कोणाचा, तेही धड कळेना. पाहुण्या बाईंचा आला, कारण सकाळी त्या माझ्या तक्त्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. परीक्षक म्हणून नव्हे, सहज फिरत फिरत. आणि त्यांनी माझ्या चित्रातल्या एका काचेच्या नळीवर बोट ठेवून विचारलं होतं, “हे मणी गुलाबी का रंगवलेस?” मी म्हणाले होते, “गुलाबीच आहेत. समोर बघून काढलंय सगळं.” “कधीपासून आहेत?” “नेहमीच!” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या होत्या, आपण पायरी चुकणाऱ्या माणसाकडे बघतो ना, ओरडायला वेळ नसतो आणि हात पोचत नसतो, तसं. तेव्हा मला वाटलं होतं की चित्र आवडलं वाटतं यांना.

बसमध्ये मी खिडकीशी बसले, तक्त्याची गुंडाळी गुडघ्यांमध्ये धरून. माझं दप्तर चिमटीच्या मांडीवर होतं आणि किसणी लंबूच्या. “काय आवाज, काय आवाज!” चिमटी म्हणत होती. “बाई अशा खाली बसल्या ना गं!” “त्या बसलेल्याच होत्या,” मी म्हणाले. “तेच ते. अजून खाली बसल्या.” लंबू किसणीतून रस्त्यावरच्या माणसांकडे बघत होती, एकाची तिला सात माणसं दिसत होती. “पण तू खरंच कध्धी नाही?” तिने सहज विचारलं. “गणिताच्या उत्तरपत्रिकेतसुद्धा?” मी एकदम खेकसले, “गप बस ना जरा!” दोघींनी एकमेकींकडे बघून भुवया उडवल्या आणि दोन थांब्यांनंतर दप्तर आणि किसणी माझ्या शेजारी ठेवून उतरून गेल्या. चिमटीने खालून खिडकीवर टकटक केलं, जीभ काढून दाखवली. मी दाखवली नाही. मला आता एकटीला चिडायचं होतं, नीट, मांडी घालून.

सुट्टीतले ते तीन आठवडे. बाबा ज्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत तिथे सरांनी, म्हणजे तिथल्या मुख्य शास्त्रज्ञांनी, मला एक जुनं टेबल आणि एक उपकरण दिलं होतं. बाबांच्या शब्दाखातर. पहिल्याच दिवशी बाबांनी मला सगळं बोटाने दाखवलं. टेबलाखाली जमिनीवर माशांच्या टाकीला असतो तसला छोटा पंप, तो खोलीतली हवा ओढणार. हवा मण्यांच्या नळीतून जाणार, तिथे तिच्यातली ओल शोषली जाणार. ती कोरडी हवा मग मोठ्या काचेच्या नळीत येणार, जिच्या आत तार आणि बाहेर पत्रा गुंडाळलेला, आणि तिथे विजेचा दाब चढवला की हवेचा प्लाझ्मा होणार. शेवटी मीटर, नळीत ओझोन किती तयार झाला ते सांगणारा. बाबांनी दिवे घालवले आणि बटण फिरवलं. आधी काहीच नाही. मग नळीच्या पोटात जांभळं काहीतरी शहारलं. माझ्या अंगावर काटा आला. हवेला, जी कोणालाच कधी दिसत नाही, जिला आपण काही नाही असं म्हणतो, तिला नुसता जोर लावला आणि ती दिसायला लागली. तिचे इलेक्ट्रॉन सुटे झाले, रेणू तुटले, पुन्हा भलत्याच जोडीदाराशी जुळले, आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला तिखट वास खोलीभर पसरला. मी किंचाळले. जोरात, आनंदाने. बाबा दचकले आणि मग हसले. “अगं, तुला आवाज आहे की!” ते म्हणाले. भोंगा तिथे जन्मला. शाळा उघडल्यावर मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला तो त्या जांभळ्या नळीच्या जोरावर. म्हणजे बघा, माझा आवाजच त्या नळीतून निघालेला आहे. आणि ती नळीच खोटी निघाली तर?

तर नाही म्हणाले ना मी. ‘नाही’च म्हणाले.

बस एका सिग्नलला थांबली. मी तक्ता उलगडला, अर्धाच, मांडीवर मावेल तेवढा. ‘कोरड्या हवेतील प्लाझ्मा : विजेचा दाब आणि ओझोन’. खाली तेहेतीस ठिपके, आणि त्यांच्या मधून पट्टीने मारावी तशी वर जाणारी रेघ. पट्टीनेच मारली होती. परीक्षक तिच्याकडे बघून म्हणाले होते, “वा, काय सरळ आहे!” सरळच होती. कारण मी घेतलेल्या नोंदी चव्वेचाळीस होत्या. रोज तीन, सकाळी, दुपारी आणि निघताना, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, पहिल्या दिवशी सकाळची एक बुडाली. त्यांतल्या अकरा नोंदी रेघेच्या खूप खाली पडत होत्या, खड्ड्यात पडल्यासारख्या, आणि त्या अकराच्या अकरा सकाळच्या होत्या. ओझोन एकदम तिसऱ्या हिश्श्याने कमी. मी वही घेऊन बाबांकडे गेले तेव्हा ते एक स्क्रू तोंडात धरून दुसरा पिळत होते. “सकाळी उपकरण थंड असतं,” स्क्रूच्या बाजूने ते म्हणाले. “थंड उपकरणाच्या नोंदी धरायच्या नसतात. टाकून दे.” मी म्हणाले, “पण बाबा, गुरुवारी—” “काय गुरुवारी?” “गुरुवारी सकाळी नीट येतं. गुरुवारी पण थंडच असणार ना ते?” त्यांनी स्क्रू तोंडातून काढला, पुसला, माझ्याकडे बघितलं. “तीन गुरुवारांवरून कोणी शास्त्र करत नाही बेटा. रेघ सरळ येतेय ना? मग झालं.” मी टेबलाशी परत आले. वहीत अकरा आकड्यांपुढे मी पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्हं काढली होती. ती मी खोडली. एकेक करून, अकरा वेळा, कागद हलकासा खरबरीत होईपर्यंत, आणि खोडरबराचा चुरा फुंकर मारून उडवला. ती फुंकर मला आता बसमध्ये आठवली आणि कानाची पाळी तापली. बाबांनी सांगितलं होतं फक्त नोंदी टाकून द्यायला. प्रश्नचिन्हं माझी मी खोडली होती. ते मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि ते पुस्तक. प्रयोगशाळेच्या कपाटात जाडजूड पुस्तक होतं, त्यात एक प्रकरण दमट वायूंमधल्या प्लाझ्माच्या रसायनशास्त्रावर. मी ते उघडून बसले होते, समजत होतं त्यातलं चार आणे. पण ते चार आणे काय होते! हवेत पाण्याची वाफ असली की प्लाझ्मात तिचाही रेणू फुटतो, आणि त्याचा जो तुकडा उरतो, हायड्रॉक्सिल नावाचा, त्याच्याइतकं भांडखोर कोणी नाही. एक इलेक्ट्रॉन कमी असतो त्याला. तो एकटा क्षणभरही राहू शकत नाही, समोर येईल त्याचं ओरबाडून घेतो, आणि त्याच्या तडाख्यात ओझोनही सापडतो. वाचता वाचता मला तो तुकडा भारीच आवडायला लागला होता. मग बाबा मागून आले आणि पुस्तक हलकेच मिटून म्हणाले, “हे आपल्या कामाचं नाही. आपली हवा कोरडी आहे.” मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आपल्या बाबांनी हवा कोरडी आहे म्हटलं की ती कोरडी असते. लहानपणी ते म्हणायचे दात पडला की दुसरा येतो, आणि यायचा.

बस वळली, कोणीतरी बाटलीतलं पाणी सांडलं आणि ते बसच्या जमिनीवरून ओघळत, फाटा फोडत माझ्या सीटखाली आलं. “पाय वर घ्या हो, पाय वर घ्या, ओलं आहे,” ती बाई सगळ्यांना म्हणाली.

मी पाय वर घेतले. आणि तसेच वर राहिले माझे पाय, पुढचे दोन थांबे.

कारण हे वाक्य मला पाठ होतं. “पाय वर घे गं, ओलं आहे.” रोज सकाळी. प्रयोगशाळा साफ करणाऱ्या मावशी बादली सरकवत यायच्या, आधी खिडक्या लावून घ्यायच्या, धूळ येते म्हणून, आणि मग टेबलांखालून फडकं मारायच्या. मी स्टुलावर पाय वर घेऊन बसायची, मांडीवर वही, आणि त्याच वेळी, फरशी खाली चकचकत असताना, दिवसाची पहिली नोंद घ्यायची. मावशी जाता जाता म्हणायच्या, “तुझ्या त्या माशांच्या मशिनीला पण पाय असते तर बरं झालं असतं. दर वेळी उचलावं लागतं.” उचलायच्या, खालून पुसायच्या आणि ओल्या फरशीवर परत ठेवायच्या. तो पंप. जमिनीवरचा. ओल्या फरशीपासून चार बोटांवर त्याचं तोंड. माझे पाय वर होते आणि त्याचं तोंड खाली होतं, आणि तो अर्धा तास ती बादली पीत होता! मग दुपारपर्यंत फरशी सुकायची. खिडक्या उघडायच्या. नोंदी शहाण्या व्हायच्या. आणि गुरुवारी? गुरुवारी मावशींची सुट्टी असायची. मी बसमध्ये, भर गर्दीत, “गुरुवार!” असं ओरडले. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून मला प्रेमाने सांगितलं, “नाही बाळ, आज शनिवार.”

मला हसू आलं आणि रडू आलं आणि त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी असा काही संताप आला की काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. कारण हे किती सुंदर होतं! त्या अकरा नोंदी म्हणजे खड्डे नव्हते. तीच तर गोष्ट होती. बाकीच्या तेहेतीस सांगत होत्या ते सगळ्यांनाच माहीत होतं. या अकरा मला काहीतरी सांगायला आल्या होत्या, रोज सकाळी, नऊच्या ठोक्याला, आणि मी त्यांच्यावर खोडरबर फिरवलं. एका सरळ रेघेसाठी. एका किसणीसाठी. पण मग मणी? मणी ओल शोषत होते ना? मणी होते तर बादलीतली ओल आत गेलीच कशी? ‘हे मणी गुलाबी का रंगवलेस?’ बाईंचं बोट मला पुन्हा दिसलं. मी घराच्या थांब्याच्या एक थांबा आधीच उतरले आणि पळत सुटले, काखेत तक्ता, हातात किसणी, पाठीवर दप्तर, जे माझं मलाच वाहायला लागत होतं.

माझ्या अभ्यासाच्या टेबलावर एक इवलीशी बाटली होती. शेवटच्या दिवशी बाबांनी मला दिलेली आठवण. त्या नळीतले मूठभर मणी, डाळिंबाच्या फिक्या दाण्यांसारखे. आई औषधांच्या दुकानातून आज लवकर आली होती, फोनवर कोणाला तरी “हो हो, पहिली, पहिलीच” असं सांगत होती आणि मला बघून तिने एक हात पसरला. मी त्या हाताखालून वाकून गेले. बाटली घेतली, स्वयंपाकघरात आले, गॅस बारीक केला. “तवा नको!” आई फोन टाकून धावली. “काय करतेस? ते खायच्या भांड्यात नाही हं घालायचं काही!” मी एक जुनं पत्र्याचं झाकण शोधलं, त्यात मणी पसरले आणि चिमट्याने धरून आचेवर. आईने खिडकी उघडली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. “गोळ्यांच्या बाटलीत पुडी असते तसले आहेत का हे?” तिने विचारलं. मी मान हलवली. “मग ओल पितात ते,” ती म्हणाली. “आणि पोट भरलं की बंद.” असं ती अगदी सहज म्हणाली, रोजच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं, आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. ही माझ्या घरात होती. तीन आठवडे. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

आधी कडेचा एक मणी. गुलाबी रंग मळल्यासारखा झाला, जांभळट, आणि मग आतून कोणी दिवा लावावा तसा निळा. मग त्याच्या शेजारचा. मग तीनचार एकदम. मण्यांवरची नजर न काढता मी आईला त्या अकरा नोंदींचं सगळं सांगून टाकलं. पाच मिनिटांत झाकणभर निळे, शाईसारखे निळे मणी, आणि त्यात एकही गुलाबी नाही. “अगं बाई,” आई म्हणाली. “म्हणजे हे भरलेले होते होय?” भरलेले होते. गुलाबी म्हणजे भरलेले. गुलाबी म्हणजे आता माझ्याच्याने होत नाही. माझ्या चित्रात मी ते मोठ्या हौसेने, तीन छटा मिसळून, गुलाबी रंगवले होते आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं ‘कोरडी हवा’. म्हणजे नुसत्या अकरा नाहीत. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. सकाळची हवा जास्त ओली आणि दुपारची कमी ओली, एवढाच फरक. तक्त्यावर कोरडं असं काही नव्हतंच, ती ठळक अक्षरं सोडून.

साडेपाचला दार वाजलं आणि बाबा आत आले ते आवाज करतच. “कुठे आहे आमची तोफ? काय उत्तर दिलं पोरीने! सर म्हणाले, मुलगी कोणाची?” त्यांच्या काखेत कागदात गुंडाळलेली लाकडी चौकट होती, प्रशस्तिपत्रासाठी. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि मग त्यांना झाकण दिसलं. “हे काय?” “मणी,” मी म्हणाले. “तुम्ही दिलेले.” “हे नाहीत ते. ते गुलाबी होते.” “हेच ते. गॅसवर ठेवले, ओल उडाली, निळे झाले.” बाबा हसले. “अगं, जळले असतील. ते मणी गुलाबीच असतात.” मी टेबलावर हात आपटला. “नसतात! बाबा, नसतात! पुस्तकात असेल बघा, बरणीवर असेल लिहिलेलं!” “बरणीवरचा कागद कधीच गेलाय,” बाबा म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. खुर्चीवर बसले. “मी लागलो तेव्हा माझ्या आधीच्या माणसाने मला ती बरणी दिली,” ते सावकाश म्हणाले, माझ्याशी नाही, झाकणाशी. “झाकणाला तडा गेलेली. म्हणाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी नळीतले काढायचे, बरणीतले भरायचे. एक सोमवार चुकवला नाही मी. ताप असताना गेलोय.” त्यांनी एक निळा मणी उचलला, गरम होता, सोडून दिला. “गुलाबी काढून गुलाबी भरत होतो होय मी?”

इथे माझा राग उतरायला हवा होता. बाबांचे खांदे असे कधी दिसले नव्हते मला, शर्ट एका मापाने मोठा झाल्यासारखे. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच ते म्हणाले, “हे बघ. हे आत्ता कुठे बोलू नकोस.” मी तिथेच थांबले. “सरांचे दोन लेख छापून आलेत. दोन्हींत कोरडी हवा लिहिलंय. मी काय सांगू त्यांना? मी बघतो, हळूहळू, योग्य वेळी. तू प्रदर्शनाची तुझी पुढची फेरी कर.” “ओल्या हवेचा तक्ता घेऊन?” “तक्त्यात काय ओलं दिसतं कोणाला?” “त्या बाईंना दिसलं!” मी ओरडले. “पहिल्या नजरेत दिसलं त्यांना, म्हणून तर त्यांनी मला विचारलं! आणि मी माईकमध्ये नाही म्हणाले, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात! तुम्ही आधी वाजवल्यात!” “मुलगी एवढी धीट बोलली म्हणून वाजवल्या मी!” बाबाही आता उभे राहिले होते. “गेल्या वर्षापर्यंत तोंडातून शब्द फुटत नव्हता तुझ्या. मला काय ठाऊक तू—” “तुम्हाला ठाऊक होतं! गुरुवारचं मी सांगितलं होतं तुम्हाला!”

“अहो, हळू,” आई म्हणाली. तिने गॅस बंद केला, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. “दोघंही जरा हळू. मला सांगा, त्या अकरा नोंदी आता घालता येणार नाहीत का परत? एक कागद वर चिकटवायचा.” बाबांनी मान हलवली. “निवडलेल्या प्रकल्पात अक्षराचाही बदल चालत नाही. नियमच आहे. असाच न्यायचा, नाहीतर बाद.” आई माझ्याकडे बघत राहिली. “मग एवढी फेरी होऊ दे ना गं राणी,” ती म्हणाली, अगदी मऊ. “तीन आठवडे उन्हातान्हात गेलीस. फेरी झाली की सांगू सगळं. सगळ्यांना सांगू. मी येईन बरोबर.” आणि ते ऐकून मला बाबांपेक्षा तिचा जास्त राग आला, कारण तिचं म्हणणं मला हवंसं वाटलं. खरंच वाटलं. पुढची फेरी मोठ्या शहरात होती, तीन दिवस, चिमटी आणि लंबू मला निरोप द्यायला येणार होत्या, माझ्या नावाचं पत्र आलं असतं. आणि मी गेले नाही तर काय उरणार होतं? सोमवारी शाळेत सगळे विचारणार, का गं, का नाही जात? आणि तेव्हा मला पुन्हा कुजबुजावं लागणार की काय? मी त्या झाकणाकडे बघितलं. उघड्या खिडकीतून हवा येत होती. कडेच्या दोनतीन मण्यांचा निळा रंग आताच जरा फिका पडल्यासारखा वाटला. किंवा माझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून असेल. पण पितात ते. विचारत बसत नाहीत, योग्य वेळ आहे का, सरांना चालेल का. समोर ओल आली की रंग बदलून उभे राहतात, कोणी बघो न बघो. आणि बिचारे इतकी वर्षं ओरडून सांगत होते, गुलाबी, गुलाबी, गुलाबी, आणि आम्ही त्यांना म्हणत होतो, काय छान रंग आहे.

मी चौकटीवरचा कागद काढला. छान होती चौकट, बाबांनी स्वतः निवडलेली, कोपरे जुळलेले. मी दप्तरातून वही काढली, खरबरीत पान शोधलं, आणि पेन्सिल घेऊन पहिल्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग दुसऱ्यापुढे. खोडलेल्या जागी पेन्सिल अडखळत होती. अकरा झाल्यावर मी ते पान उघडं ठेवून वही चौकटीवर ठेवली. माझा आवाज येईल की नाही याची मला खात्री नव्हती, पण तो आला, आणि तो त्या नळीतून आलेला नव्हता.

“मी पुढच्या फेरीला जाणार नाही,” मी म्हणाले. “नाव काढून घ्यायचं पत्र मी आज लिहिणार, आणि दुसरं त्या बाईंना, की मी नाही म्हणाले ते खोटं होतं. तुमच्या मण्यांबद्दल त्यात एक अक्षर नसेल, बाबा, ते तुम्ही सरांना सांगायचं, सोमवारी, योग्य वेळी नाही. आणि सोमवारपासून सकाळी शाळेच्या आधी मी प्रयोगशाळेत येणार आहे. एक दिवस मावशींच्या बादलीशिवाय आणि एक दिवस बादलीसकट, एक दिवस निळे मणी घालून आणि एक दिवस गुलाबी, आणि सगळ्या नोंदी लिहिणार आहे, पडतील तशा. दार तुम्ही उघडायचंय. चावी तुमच्याकडे आहे.”